व्याह्यांनी हात जोडले नाहीत

पत्र: मी डोंबिवलीत राहते, वय ५८. माझ्या धाकट्या मुलाने ऑफिसमधल्या एका मुलीशी लग्न ठरवलं आहे. मुलगी गुणाची आहे, मराठी आपल्यासारखंच बोलते, आडनावाच्या शेवटी 'कर'ही आहे, पण ती बेने इस्रायल आहे, म्हणजे ज्यू. गणपतीत तिचे आईवडील आमच्याकडे आले होते. वडिलांनी चपला दाराबाहेर काढल्या, मखराचं कौतुक केलं, पण मूर्तीपुढे हात जोडले नाहीत. प्रसादाचा मोदक पुढे केला तर "नको, राहू दे" म्हणाले. आणि जेवायला बसल्यावर मसालेभात दोनदा मागून घेतला! जाऊबाई तेव्हापासून रोज ऐकवतायत. मलाही लागलंच. दीर म्हणतात, सगळे देव एकच, कशाला डोक्याला ताप? पण एकच आहे तर हात जोडायला काय झालं? आता लग्नाआधी त्यांच्याकडे 'मलिदा' नावाचा विधी आहे, त्याचं बोलावणं आलंय. जावं का? तिथे हात जोडायचे का? तो प्रसाद खायचा का? आणि उद्या ही मुलगी माझ्या देवघरात दिवा लावणार की नाही?
(एक होणारी सासू, डोंबिवली)

ताई,

मसालेभात दोनदा मागितला ना? मग निम्मं उत्तर तिथेच आहे. तुमचं घर, तुमच्या हातचं अन्न, तुमची माणसं यांतलं त्यांना काही नकोसं नव्हतं. नको होती ती एकच गोष्ट, आणि ती त्यांनी तोंड वाकडं न करता, भाषण न देता टाळली. हे जमायला बऱ्यापैकी सभ्यपणा लागतो.

त्यांना काय टाळायचं होतं ते सांगते. ज्यूंच्या धर्मग्रंथात, तोरामध्ये, देवाच्या दहा आज्ञा आहेत. त्यांत अगदी सुरुवातीलाच येतं की माझ्याखेरीज दुसरा देव मानू नकोस, कुठलीही मूर्ती घडवू नकोस आणि तिच्यापुढे वाकू नकोस. खून करू नकोस, चोरी करू नकोस हे त्याच्यानंतर. म्हणजे तुमच्या व्याह्यांच्या लेखी मूर्तीपुढे न वाकणं हा लहर किंवा ताठा नाही, ते त्यांचं सोवळं आहे. तुमच्या सासूबाई सोवळ्यात असताना शेजारणीने हात लावलेला तांब्या बाजूला ठेवत असतील, तर शेजारणीचा अपमान करायचा म्हणून नव्हे. (शेजारणीला काय वाटत असेल हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही हेही खरंच. आज तुम्ही त्या शेजारणीच्या जागी आहात, म्हणून लागलं.) मोदकाचंही तेच. पातेल्यातला भात हे जेवण. मूर्तीपुढे ठेवलेला मोदक हा नैवेद्य. हा फरक त्यांनी पाळला आणि तो तुमच्या जाऊबाईंच्या नजरेतून सुटला नाही. जाऊबाई हुशार आहेत.

आता दिरांचं वाक्य. 'सगळे देव एकच' हे मीही लहानपणापासून ऐकत आले आणि वाईट हेतूने ते कुणी म्हणत नाही. भांडण मिटवायला ते बरं पडतं. पण ते वाक्य आपलं आहे. ऋग्वेदात 'एकं सत्' म्हणून ज्ञानी लोक त्याला अनेक नावांनी बोलावतात असं आहे. पुढे वेदान्ताने, संतांनी ते घरोघर नेलं. आपला 'एक' हा बेरजेचा एक आहे. विठोबा घ्या, खंडोबा घ्या, शेजारच्या मावशींची वेलंकणी घ्या, पीरबाबाची चादर घ्या, बेरीज एकच. आपण सगळ्यांना आत घेतो आणि त्याला औदार्य म्हणतो.

तुमच्या व्याह्यांचा 'एक' वजाबाकीचा आहे. हा नाही, तो नाही, तेही नाही, उरला तो एक. त्याला रूप नाही, त्याची मूर्ती होत नाही, त्याचा कुणी जोडीदार नाही. मुसलमानांचाही एक असाच, वजाबाकीचा; कुराणातल्या ११२व्या सूऱ्यात चार छोट्या वाक्यांत तो सांगितलाय: अल्ला एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही की कुणी त्याला जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. आता अशा माणसाला आपण खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, अहो, तुमचा तो आणि आमचा गणपती एकच की! आपल्या मते आपण त्याला जवळ घेतलं. त्याच्या मते आपण त्याचं बोलणं ऐकूनच घेतलं नाही.

आणि ज्यांच्याकडे विश्व घडवणारा देवच नाही त्यांचं काय करायचं? जैन मंदिरात तीर्थंकरांची मूर्ती आहे, पूजा आहे, पण त्या तीर्थंकरांनी जग निर्माण केलेलं नाही. ते जिंकून, सुटून गेलेले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली पहिलीच आहे की ब्रह्मा, विष्णू, महेश यांना मी देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. तुमच्या इमारतीतल्या बौद्ध कुटुंबाला 'सगळे देव एकच' म्हणून पाहा. ते गप्प बसतील, पण ते गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे.

शब्द जुळला म्हणून देव जुळत नाही, याची एक खरी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात आपल्या गोव्यात होते. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर. अंजिरो नावाचा एक जपानी माणूस गोव्यात आला, १५४८मध्ये तिथेच ख्रिस्ती झाला. पुढच्या वर्षी झेवियर त्याला घेऊन जपानला गेले. तिथल्या भाषेत 'देव' कसं म्हणायचं? अंजिरोने शब्द सुचवला, दाइनिची. झाली सुरुवात, दाइनिचीला भजा, दाइनिचीला भजा. तिथले शिंगोन पंथाचे बौद्ध भिक्षू खूश, कारण दाइनिची म्हणजे त्यांचे वैरोचन बुद्ध! त्यांना वाटलं, लांबून आलेला हा साधू आपलंच सांगतोय. दोनेक वर्षं दोन्ही बाजू समाधानात होत्या. मग झेवियर यांनी खोलात जाऊन प्रश्न विचारले तेव्हा कळलं की आपण भलत्याचंच नाव घेतोय. लगेच उलटी हाक सुरू झाली, दाइनिचीला भजू नका! आणि देवासाठी त्यांनी 'देउस' हा परका लॅटिन शब्दच वापरायला घेतला. भिक्षू अर्थात बिथरले. मला त्या दोन वर्षांचं हसू येतं आणि दिरांची आठवण होते. सगळे एकमेकांना मान डोलावतायत आणि कुणी कुणाला समजलेलं नाही.

तेव्हा ताई, 'एकच आहे तर हात जोडायला काय झालं?' हा तुमचा प्रश्न दिरांच्या उत्तरापेक्षा सरस आहे. तो तुम्ही विहीणबाईंना विचारलात तरी चालेल. मात्र 'काय झालं' हा सूर गाळून.

बेने इस्रायलांचं हे 'एक' किती चिवट आहे ते पाहा. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. गावांवरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. हिब्रू विसरले, ग्रंथ गेले, प्रार्थना गेल्या. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र आलं, हातात हिरव्या बांगड्या आल्या, गोमांस त्यांनी सोडलं. पण शनिवार, सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' एवढं राहिलं. शेमा म्हणजे 'हे इस्रायला, ऐक, आपला परमेश्वर एकच आहे' या अर्थाचं एक वाक्य. आजूबाजूला सगळीकडे देवळं, पालख्या, जत्रा, आणि घरात हे एक वाक्य. अशा घरातला माणूस तुमच्या मखरासमोर उभा होता.

मी लहानपणी काही वर्षं अलिबागला होते. तिथे इस्रायल आळी आहे, आळीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे आणि माझी एक मैत्रीण त्या आळीतली. शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे गेले की तिची आजी सूर्य बुडायच्या आत दिवा लावताना दिसायची. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. मला आईने शिकवलेलं, दिवा लागला की हात जोडायचे, तसे मी जोडले. आजी हसून म्हणाली, "अगं, तो आमच्यात देव नाही. दिवा आहे." मग मला खजूर दिला. घरातून निघताना मैत्रीण दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या एका लहानशा नळीला बोटं लावायची आणि बोटांची पापी घ्यायची. मला वाटायचं, हा नक्की त्यांचा देव, लपवून ठेवलेला! पुष्कळ वर्षांनी कळलं, त्याला मझुझा म्हणतात, आत चामड्यावर हाताने लिहिलेला शेमा असतो. म्हणजे परत तेच वाक्य.

हे मुद्दाम सांगितलं, कारण उद्या त्यांच्या सिनेगॉगमध्ये जाल तेव्हा जाऊबाई तुम्हाला कोपराने ढोसणार आहेत. तिथे तोराच्या गुंडाळीला मखमली वस्त्र असतं, वर चांदीचे घुंगूर असतात, ती बाहेर काढली की सगळे उठून उभे राहतात, शालीचं टोक तिला लावून त्या टोकाची पापी घेतात. बघ, ही मूर्तिपूजाच की, असं त्या म्हणतील. तसं नाही. ती गुंडाळी म्हणजे देव नव्हे, ते देवाचे शब्द. नांदेडला हजूर साहिबमध्ये ग्रंथसाहिबावर चवरी ढाळताना पाहिलं असेल तर अंदाज येईल. आणि त्या शब्दांत देवाचं जे चार अक्षरी नाव आहे ते कुणी मोठ्याने उच्चारतच नाही. वाचताना त्या जागी 'आदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' म्हणायचं, बोलताना नुसतं 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. आपल्या आज्या आजोबांना 'अहो' आणि 'घरातले' म्हणायच्या, नाव फक्त उखाण्यात. नाव घ्यायचं नाही ते परकेपणामुळे नव्हे. तुम्हाला हे कळायला वेळ लागणार नाही.

मलिद्याला जा. नक्की जा. (जाऊबाई 'मलिदा खायला चाललात' असा शेरा मारतील. मारू द्या.) पूर्ण झालेल्या नवसासाठी, लग्नाआधी, नव्या घरात, असा तो केला जातो, आणि त्यात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण असते. हा एलिया अग्निरथातून स्वर्गात गेला अशी बायबलची कथा. बेने इस्रायल मानतात की तो अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला, आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. जगभरचे ज्यू एलियाला मानतात, पण तो आपल्या तालुक्यात उतरला हे कोकणातल्यांचंच! त्याच्या नावाचं गाणं म्हणतात. पण तो देव नव्हे, आणि ताटही त्याला वाहिलेलं नसतं, हे लक्षात ठेवा.

ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं, खजूर, गुलाबाच्या पाकळ्याही. दिसायला आपल्याकडचंच. फरक आहे तो ताटाभोवती काय म्हणतात त्यात, आणि मला विचाराल तर दोन घरांतला देव कळायला ही एक जागा पुरे. आपण नैवेद्य दाखवतो म्हणजे देवाला जेवू घालतो. पाण्याने चौकोन काढतो, डोळे मिटून वाट पाहतो, त्याचं झालं की उरलेला आपला प्रसाद. देव आपल्या घरी पाहुणा आहे. त्यांच्याकडे यजमान तोच आहे. फळ झाडाचं असेल तर झाडाची फळं निर्माण करणाऱ्याचे आभार, जमिनीतून उगवलेलं असेल तर त्याचा मंत्र निराळा. आभार मानल्याशिवाय घास घ्यायचा नाही, कारण अन्न मुळात त्याचं आहे. देव काही खात नाही. यरुशलेमचं देऊळ उभं होतं तोवर तिथे धान्य आणि पशू अर्पण होत, पण रोमनांनी इसवी सन ७०मध्ये ते पाडलं आणि ते सगळं थांबलं. काही बेने इस्रायल मलिद्याचं नातं त्या जुन्या धान्यार्पणाशी जोडतात.

म्हणून तो मलिदा तुम्ही खुशाल खा. तुमच्या मोदकाला त्यांच्याकडे आडकाठी आहे, त्यांच्या पोह्याला तुमच्याकडे नाही. फिटंफाट होत नाही म्हणून मनात धरू नका. हात जोडायचे का? बसल्या जागी जोडलेत तर कुणी काही म्हणणार नाही, पण ताटाला नमस्कार करू नका, वाकू नका, आणि पैसे तर मुळीच ठेवू नका. सगळे उठतील तेव्हा उठा.

आता एक उलट बाजू. मूर्तीबद्दल तुम्हीही त्यांना काही सांगायला हवं, कारण बहुतेक मूर्ती न मानणाऱ्यांना वाटतं की आपण मातीलाच देव समजतो. बायबलमध्ये यशया नावाच्या संदेष्ट्याने अशा माणसाची टिंगल केली आहे, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो! त्याला दीड दिवसाचा गणपती कुणी दाखवला नव्हता. प्राणप्रतिष्ठा करून बोलवायचं, उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवायची आणि पाण्यात सोडायची. मातीच देव असती तर बुडवली असती का? नामदेवांच्याच अभंगात पाषाणाचा देव बोलत नाही असं येतं, आणि त्याच नामदेवांच्या हातून विठोबा दूध प्यायल्याची गोष्ट आपण पोरांना सांगतो. दोन्ही आपल्याच घरात नांदतं. व्याह्यांना हे पटणार नाही कदाचित. पटवायचं नाहीच, सांगायचं. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या देवावरून सरळसरळ भांडतात, काही राखून ठेवत नाहीत, आणि शेवटी मिठी मारतात. आपल्याकडे हल्ली मिठी आधी मारतात आणि मग भांडण आयुष्यभर पुरतं.

देवघराचं. बहुतेक ती तुमच्या देवापुढे दिवा लावणार नाही. लावलाच तर तिच्या मर्जीने. तुम्ही सांगू नका, मुलाकरवी सुचवूही नका. पण शुक्रवारी तिन्हीसांजेला तिने स्वयंपाकघराच्या एखाद्या कोपऱ्यात तिचा दिवा लावला तर त्या कोपऱ्यात भांडी ठेवू नका. एका घरात दोन दिवेलागणी होतील. शनिवारी ती गॅस पेटवणार नसेल तर भाजी तुम्ही टाका, नाहीतर तुमच्या मुलाला सांगा, त्याचं वय झालंय शिकायचं. मांसाबरोबर दूध-दही त्यांना चालत नाही. रश्श्याला नारळाचं दूध लावतात, म्हणजे कोकणातल्या माणसाला काही नवीन शिकायचं नाही.

तुम्ही न विचारलेलं एक मात्र मी सांगणार. देवघरापेक्षा ते मोठं आहे. ज्यू नियमाप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू, बाप कुणीही असो. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता. तुमच्या डोक्यात बाराव्या दिवसाचं बारसं असेल. यावर त्या दोघांचं बोलणं झालंय का, एवढंच मुलाला एकट्याला गाठून विचारा. काय ठरवलंय ते विचारू नका, ठरवलंय का ते विचारा. लग्न विशेष विवाह कायद्याखाली होणार असेल तर नोटिशीचे तीस दिवस धरावे लागतात, तेवढ्यात हे बोलणं होऊ शकतं. सिनेगॉगमध्ये मिश्र लग्न लावून देत नाहीत साधारणपणे, त्याचाही राग धरू नका. आपले सगळेच भटजी तरी कुठे तयार होतात?

जाताना मिठाईच्या दुकानातला पेढ्यांचा बॉक्स नेऊ नका. त्या दिवशी मांसाचं जेवण असेल तर विहीणबाईंची पंचाईत होईल. फळं न्या, चांगली पाच प्रकारची, आणि घरच्या देवापुढे ठेवून मग नेऊ नका, सरळ बाजारातून न्या. तुमच्या यजमानांच्या खिशात धुतलेला रुमाल ठेवा, प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकायला. सासऱ्यांची गांधी टोपी कपाटात असेल तर तीही चालेल.